मागच्या सिलेंडरची हवा

पान्याचा उजवा हात व्हाइसमध्ये होता आणि व्हाइसचा दांडा कप्तानच्या मुठीत.

व्हाइस म्हणजे कामाच्या टेबलाला बोल्टांनी जखडलेला लोखंडी जबडा. एरवी त्यात पाइप धरायचे, शाफ्ट धरायचे आणि कानस चालवायची. आज त्यात चार बोटं होती. अंगठा तेवढा बाहेर राहिला होता आणि आपला काही संबंध नसल्यासारखा वर उभा होता. जबडा अजून आवळलेला नव्हता, नुसता टेकलेला होता. पण दात टेकल्यावर चावा किती लांब असतो?

ताई शटरखालून वाकून आत आली आणि तिने हे पाहिलं. तिच्या भावाचा एक डोळा सुजून मिटला होता. ओठ फाटून हनुवटीवर रक्त वाळलं होतं आणि वाळलेल्यावरून नवं ओघळत होतं. क्रेनवाला त्याची मानगूट धरून मागे उभा होता. मार कोणी दिला हे विचारायची गरज नव्हती. क्रेनवाल्याच्या बोटांच्या पेरांवरची कातडी सोलली होती.

"शटर खाली घे," कप्तान म्हणाला.

तिने घेतलं.

कप्तान तिचा नवरा. भाड्याने द्यायच्या पाच वॉटर स्कूटरींपेक्षा मोठं त्याने जन्मात काही चालवलं नव्हतं, पण धक्क्यावर सगळे त्याला कप्तान म्हणत आणि तोही हाकेला ओ देई. पान्या तिचा धाकटा भाऊ. रांगत होता तेव्हा बापाने गॅरेजात त्याच्या हातात खुळखुळ्याऐवजी पाना दिला, तेव्हापासून नाव तेच आणि काम तेच. मेव्हण्याने इंजिनं बांधायची, दाजींनी गाड्या पळवायच्या. लोक म्हणत, घरचाच फिटर मिळाला, कप्तानची पाची बोटं तुपात.

तीन दिवसांपूर्वी कप्तानचा सख्खा धाकटा भाऊ पान्याने नव्याने बांधलेलं इंजिन घेऊन पाण्यावर गेला. पाण्यातल्या स्कूटरला ब्रेक नसतो आणि खरं म्हणजे सुकाणूही नसतं. मागून पाण्याची जी धार सुटते तीच गाडी पुढे नेते आणि तीच वळवते. इंजिन थांबलं की धार थांबली, मग हँडल कितीही फिरवा, गाडी नाकासमोर जाते. धाकट्याच्या नाकासमोर धक्क्याची दगडी भिंत होती. तो वळणार होता. नेहमीच वळायचा, भिंत अगदी अंगावर आल्यावर, वर उभ्या असलेल्यांच्या अंगावर शिंतोडे उडवत. त्या दिवशी नेमकं वळायच्या क्षणी इंजिन जाम झालं. लोकांनी ऐकलं ते इतकंच: सुसाट आवाज, मग काहीच नाही, आणि मग भिंत.

काल त्याला पोचवून आले होते.

"मी काय करू?" ताईने विचारलं.

"इंजिन बघ. बापाच्या गॅरेजात तूही हात काळे केलेत. हा म्हणतो, ह्याच्या कामात खोट नाही." कप्तानने दांड्यावरची मूठ जराशी हलवली. पान्याने श्वास आत ओढला. "आणि तू खोटं बोलत नाहीस. लग्न झाल्यापासून ह्या एका गुणाने डोकं उठवलंस माझं. आज येऊ दे कामाला."

"आणि काम चुकलेलं निघालं तर?"

"तर ह्या हाताने हा पुन्हा नट फिरवणार नाही."

गाड्या पाण्यात सोडायच्या आणि वर काढायच्या क्रेनवर क्रेनवाला बसायचा. धाकटा आणि तो एकाच वर्गात दोनदा नापास झालेले, एका ताटात जेवलेले. भिंतीच्या पायथ्याशी उडी टाकून धाकट्याला बाहेर काढलं तेही त्यानेच.

"हात तुझा," तो कप्तानला म्हणाला. "बाकीचा माझा."

पान्या हसायला गेला. फाटक्या ओठांनी ते जमलं नाही. "वाटून घ्या," तो म्हणाला. "घरचंच आहे."

क्रेनवाल्याने त्याचं डोकं टेबलावर आपटलं. पक्कड उडून खाली पडली.

"मारू नका," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही, कारण चढवलेला आवाज नवऱ्याला काय करतो ते तिला माहीत होतं. "मला त्याला विचारावं लागेल. तो शुद्धीवर पाहिजे."

इंजिन गाडीतून काढून मधल्या लोखंडी स्टँडवर ठेवलेलं होतं. खारं पाणी लागून बाहेरून तांबूस पडलं होतं. तिने पदर खोचला, दिवा ओढून घेतला आणि प्लगचा पाना उचलला. बोल्टावर पाना बसला तशी ती सावरली. तिला लहानपणापासून हे असंच होतं: माणसांपुढे गांगरायची, यंत्रापुढे नाही.

दोन सिलेंडरचं इंजिन, दोन प्लग. पुढचा काढला. चॉकलेटी, किंचित ओलसर. असाच असावा लागतो. मग मागचा. त्याचं टोक चुलीतल्या राखेसारखं पांढरं फटक होतं आणि त्यावर धातूचे चमकते कण चिकटले होते. पिस्टनचे कण.

तिने प्लग दिव्याजवळ धरला.

"काय आहे?"

"मागचा पांढरा आहे."

"म्हणजे?"

"आत कोरडं जळलं. ह्या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी गेलं की तेलही कमी गेलं. मग पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलेंडरला धरतो."

"मागचा सिलेंडर कोणी बांधला?"

"दोन्ही त्यानेच बांधले."

कप्तानने दांडा फिरवला. फार नाही, घड्याळाचा काटा बारावरून तीनवर जावा इतकाच. पान्याच्या तोंडून माणसाचा वाटणार नाही असा आवाज आला. गुडघे गेले, पण हात वर अडकलेला होता, त्यामुळे तो त्या हाताला लोंबकळला, आणि क्रेनवाल्याने त्याला मानेला धरून पुन्हा उभा केला.

"अहो! पांढरा म्हणजे त्याची चूक असं मी म्हटलं नाही!"

"मग काय म्हटलंस ते नीट म्हण."

तिने ओठ जिभेने ओले केले. वर्गात फळ्यापाशी उभं केल्यासारखं सावकाश बोलली. "पांढरा पडायला तीन कारणं असतात. पेट्रोलमध्ये तेल नसेल. पेट्रोल पोचत नसेल. नाहीतर नको तिथून हवा शिरत असेल. एकेक बघते. तोवर दांड्याला हात लावू नका."

"तू मला सांगणार?"

"तुम्हीच बोलावलंत."

त्याने पायाजवळचा डबा लाथेने उडवला. नट-बोल्ट शेडभर पसरले.

तिने नळीत राहिलेल्या पेट्रोलचे दोन थेंब काचेच्या तुकड्यावर टाकले आणि फुंकर घातली. पेट्रोल उडून गेलं, मागे निळसर तेलकट डाग राहिला. बोट फिरवून पाहिलं. तेल होतं, आणि बेताचं होतं. मग दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले. मागच्याखाली इंजिनाच्या गळ्याला एक बारीक पारदर्शक नळीही होती, ती ओढून काढली आणि तिच्या खालच्या पितळी टोकाला रबरी टोपण चढवलं. ही प्रायमरची नळी. थंड इंजिन पटकन सुरू व्हावं म्हणून त्याला पेट्रोलचा घोट पाजायची हातपिचकारी असते, तिची. कप्तानच्या पाचही गाड्यांना ती होती. नवख्या गिऱ्हाइकांना गाडी सुरू करताना खेचाखेच करावी लागत नाही. इतक्यांदा पाहिलेली वस्तू डोळ्यांपुढून जाते आणि डोळे तिची दखलही घेत नाहीत, तसंच झालं. तिने कार्ब्युरेटर उघडून बारीक भोकांतून फुंकलं. गालावर वारा लागला. सगळी साफ.

"पेट्रोल पोचत होतं," ती म्हणाली. "राहिली हवा."

"मग आता उघड."

"ताई." पान्याचा आवाज घशातून खरवडून येत होता. "उघडू नकोस. आधी हवा भर. मॅनिफोल्ड जागेवर ठेवूनच. एकदा उघडलंस की काही कळायचं नाही."

कार्ब्युरेटरपासून इंजिनापर्यंत जो ॲल्युमिनियमचा गळा जातो, तो मॅनिफोल्ड.

"ऐकलंस?" कप्तान क्रेनवाल्याला म्हणाला. "उघडू नकोस म्हणतो. चोराच्या मनात चांदणं."

"तो बरोबर सांगतोय," ताई म्हणाली. "मीही तेच करणार होते. इंजिनाची सगळी तोंडं बंद करायची आणि आत थोडी हवा भरायची. हवा टिकली तर कुठेही भोक नाही. टिकली नाही तर आहे. बाहेरून आत शिरायची जी वाट, तीच आतून बाहेर पडायची."

"मी गाडी देण्याआधी भरून पाहिली होती," पान्या म्हणाला. "काटा हलला नव्हता, दाजी. आईशप्पथ."

"तुझ्या आईची शपथ माझ्या भावाला पुरली नाही."

खणात सासूबाईंचं जुनं रक्तदाबाचं यंत्र होतं. दंडाची पट्टी फाटली तेव्हा कप्तान ते फेकणार होता. पान्याने मागून घेतलं, कारण दोन स्ट्रोकच्या इंजिनाला आणि माणसाच्या दंडाला साधारण सारखीच हवा झेपते. जास्त भरली की आतलं रबरी सीलच उलटायचं. ताईने मॅनिफोल्डच्या तोंडावर रबर आणि पत्र्याची चकती आवळली, धुराच्या तोंडावर दुसरी. प्लग परत बसवले. चकतीच्या मधल्या भोकात यंत्राची नळी खोचली आणि रबरी फुगा दाबायला लागली.

फुस्, फुस्, फुस्. काटा चढत गेला. शेडमध्ये तेवढाच आवाज, आणि पान्याचा श्वास. तीनशेच्या खुणेला तिने फुगा सोडला.

चौघेही त्या छोट्या तबकडीकडे बघत होते. ज्याचा हात अडकला होता तोही मान वळवून, एका डोळ्याने.

काटा थांबला. थांबला. आणि मग खाली यायला लागला.

दवाखान्यात उतरतो तसाच उतरत होता, सावकाश, घाई नसल्यासारखा. दोनशे ऐंशी. दोनशे पन्नास.

"नाही," पान्या म्हणाला. "नाही नाही. असं होणार नाही. नळी बघ, ताई, नळीतून जात असेल—"

कप्तानने दांडा ओढला.

ह्या वेळी हाडाचा आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा, फक्त थोडा ओला. पान्या किंचाळला आणि ती किंचाळी पत्र्याच्या छपराला आपटून परत खाली आली. क्रेनवाल्याने दुसऱ्या हाताने त्याचं तोंड दाबलं. त्याच्या बोटांमधून ती गुरगुरत राहिली.

ताई इंजिनापासून उडी मारून टेबलापाशी पोचली आणि तिने नवऱ्याच्या मनगटाला दोन्ही हातांनी धरलं. त्याने तिच्याकडे न बघता कोपर मागे मारलं. ते तिच्या बरगडीत बसलं. ती स्टँडच्या पायाशी पडली, पसरलेल्या नटांवर. श्वास येईना. तोंड उघडं, पण हवा आत जात नव्हती. मग एकदम गेली.

"भोक आहे," कप्तान धापा टाकत म्हणाला. "तूच म्हणालीस. हवा टिकली नाही तर भोक आहे."

"कुठे आहे," ती जमिनीवरूनच म्हणाली, "ते अजून कळलं नाही."

"त्याने फरक काय पडतो?"

"फरक पडतो." हे तिने क्रेनवाल्याकडे बघून म्हटलं. "भाऊ, तुम्हाला धाकट्या भावजींना मारणारा माणूस पाहिजे, की कुणीही चालेल?"

क्रेनवाल्याने मान तिच्याकडे वळवली. त्याचे डोळे रडून रडून लाल होते, हे तिला तेव्हा दिसलं.

"बघू दे तिला," तो म्हणाला.

तिने वाटीत साबणाचं पाणी केलं आणि रंगाचा ब्रश घेतला. पुन्हा हवा भरली. मागच्या बाजूला शाफ्ट बाहेर पडतो तिथे ऑइल सील असतं, रबराचं कडं. पान्याच्या कामात काही चुकलं असेल तर इथेच. उलटं बसलं असेल, कड दुमडली असेल. तिने ब्रशने फेस लावला, छोटा आरसा आत धरला आणि श्वास रोखून पाहिलं. फेस नुसता फेसासारखा बसून होता. कुठे काही फुगेना. तिने मनात दहापर्यंत मोजलं आणि पुन्हा मोजलं, कारण तिला ते खरं असायला हवं होतं, आणि जे असायला हवं असतं ते दोनदा तपासायचं ही तिची सवय होती.

सील कोरडं ठाक होतं.

मग सिलेंडरच्या बुडाचं पॅकिंग. काही नाही. हेड. काही नाही. केसिंगचा जोड बोटभर-बोटभर करत. काही नाही. काटा मात्र उतरतच होता. तिने फुगा दाबून तो पुन्हा वर आणला आणि ब्रश मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला फिरवला, जिथे हात जातो पण नजर जात नाही.

तिथे एक बुडबुडा आला.

मोहरीएवढा. मग वाटाण्याएवढा. मग फुटला, आणि त्याच जागी दुसरा. दिव्याच्या उजेडात त्याच्यावर जांभळा-हिरवा रंग फिरत होता. तिने आरसा सरकवला. बुडबुडा प्रायमरच्या पितळी टोकाच्या मुळाशी येत होता.

पान्या हे टोक बसवायचा तेव्हा मॅनिफोल्ड उतरवून भोक पाडायचा, भोकाला आटे पाडायचा आणि टोक स्क्रूसारखं आत पिळायचा. इथे आटे नव्हते. भोक टोकापेक्षा ढिलं होतं आणि भोवती राखाडी लांबी थापलेली होती, गाडीच्या बुडाला चीर गेली की भरतात ती. पाण्याला ती दगडासारखी टिकते. पेट्रोलने विरघळते. तिने नख लावलं. लोण्यात रुतावं तसं रुतलं.

गाड्यांच्या बुडाचं काम ह्या शेडमध्ये एकच माणूस करायचा.

तिने मान वर केली. कप्तान तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याने दांडा सोडलेला नव्हता, पण लांब हात करून जितकं वाकता येईल तितकं वाकला होता. त्याचा चेहरा तिच्या इतका जवळ होता की त्याची पापणी थांबलेली तिला दिसली. त्याला बुडबुडा दिसला होता. तो काय आहे हेही कळलं होतं. आपण केसाएवढं भोक पाडलं, त्याने काय होतंय, असं तो तीन दिवस स्वतःला सांगत आला असेल, किंवा त्याला ते आठवलंही नसेल. आता आठवलं.

"पूस ते," तो म्हणाला. ओठ न हलवता, फक्त तिला ऐकू जाईल असं.

"अहो..."

"पूस. सील म्हण." घामाचा थेंब त्याच्या नाकावरून इंजिनावर पडला. "घरी आई बसलीये. त्याची बायको बसलीये. काय तोंड दाखवू? सील म्हण, एवढ्यावर सोडतो त्याला. दोन बोटं गेली तर गेली, जिवंत घरी जाईल. मी सांगतो क्रेनवाल्याला, पुरे म्हणून. नाही म्हणालीस तर पंजा ठेवत नाही. आणि मग तू आहेस."

ताईने हिशोब केला. करावाच लागला. खोटं बोललं तर दोन बोटं. खरं बोललं तर कदाचित पूर्ण हात. दांड्याचा एक फेरा, अर्धा फेरा, ह्या माणसाच्या अंगातलं बळ. आणि दुसऱ्या पारड्यात मानगूट धरून उभा असलेला तो दुसरा माणूस, ज्याने 'बाकीचा माझा' असं म्हटलं होतं. कप्तान पुरे म्हणेल आणि तो थांबेल ह्याला आधार काय? नवऱ्याचा शब्द. तो तर तिने इतकी वर्षं तपासून पाहिला होता.

तिने काही पुसलं नाही. फुगा दाबला. बुडबुडा फुगून लिंबाएवढा झाला.

"भाऊ," ती मोठ्याने म्हणाली. "इकडे या. आणि हे बघा."

कप्तान दांड्यावर सगळ्या वजनानिशी पडला.

काटक्या मोडल्याचा आवाज एकामागून एक आला. पान्याचा आवाज फुटला आणि मग बंद झाला, तो बेशुद्ध झाला होता. ताईच्या हाताला टॉर्कचा पाना लागला, हातभर लांब, जड. तिने तो दोन्ही हातांनी फिरवला आणि नवऱ्याच्या कोपरावर आणला. कोपर उलट्या दिशेला वाकलं. तो ओरडला, दांडा सुटला, आणि दुसऱ्या हाताने त्याने तिचा गळा धरला. तिचं डोकं सिलेंडरवर आदळलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिला आवाज ऐकू आला, पण लागलं नाही, आणि लागलं नाही ह्याची तिला भीती वाटली. गळ्यावरचा अंगठा आत, आणखी आत जात होता. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं आणि त्या काळ्यात तिला क्रेनवाल्याचे बूट दिसले. ते इंजिनापाशी येऊन थांबले होते. तो वाकला होता. आरशात बघत होता.

"ड्रिल," क्रेनवाला म्हणाला.

त्याने मान वर करून कप्तानकडे पाहिलं.

"त्या संध्याकाळी केबिनमधून माझं ड्रिल नेलंस तू. पान्या गाडी देऊन गेल्यावर. मी विचारलं काय करतोस, तर म्हणालास, पाटी टांगायचीये."

कप्तानचा हात सैलावला. ताई घसरून खाली बसली. खोकल्याबरोबर तोंडातून रक्त आलं, जीभ चावली गेली होती.

"अरे, पाटीच..." कप्तान म्हणाला. "पाटीच टांगली."

"कुठाय पाटी?"

"ऐक. गिऱ्हाईक होतं सकाळी. हा मेव्हणा म्हणत होता, आधी दोन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत हळू चालवा, मग आणा, मग प्रायमर बसवतो. महिना घालवला असता ह्याने. मी म्हटलं, तेवढ्यासाठी काय... एवढंसं भोक रे! बघ ना. एवढंसं आहे!"

क्रेनवाल्याने त्याच्या तोंडावर मारलं. मूठ न वळता, उघड्या तळव्याने, पण तो तळवा साखळदंड ओढणारा होता. कप्तान टेबलावर आदळून खाली आला. मोडका हात छातीशी धरून तो उठायला लागला आणि क्रेनवाल्याने त्याच्या पोटात बूट घातला.

"मला मारायला लावलंस," क्रेनवाला म्हणाला. "ह्याला. तीन तास."

ताई टेबलाला धरून उभी राहिली. दांडा उलटा फिरवला. फेरा मारायला दोन्ही हात लागले. जबडा उघडला. बोटं मात्र तशीच चिकटून राहिली, तिला ती एकेक सोडवावी लागली. मग पान्याला काखेत घेऊन तिने खाली ओढला. वजनाने दोघं पडली. त्याने डोळा उघडला.

"टिकली?" तो म्हणाला. त्याला अजून काट्याचंच पडलं होतं.

"तुझं सील टिकलं. चल."

मागे मार चालूच होता. तिने शटर उचललं. बाहेर लख्ख दुपार, पाणी चमचमतंय, लांबवर एक पांढरी बोट. पान्या भिंत धरून बाहेर गेला. तीही वाकली.

"अगं!" आतून कप्तान ओरडला. "अगं, सांग त्याला!"

ती तशीच वाकलेली थांबली. नवरा जमिनीवर होता, टेबलाच्या पायाला कवटाळून. एक डोळा तिच्याकडे. क्रेनवालाही थांबला होता, मूठ वर, आणि तिच्याकडेच बघत होता. ती जे म्हणेल ते तो करणार होता, हे तिला दिसलं. पुरे म्हणायला एक शब्द लागला असता.

तिने दोघांकडे नीट पाहिलं. मग बाहेर आली आणि शटर खाली ओढलं. ते गंजलेलं होतं, अर्ध्यावर अडकायचं. तिने त्यावर पाय देऊन जमिनीला टेकवलं.

टेम्पो धक्क्याच्या उतारावर उभा होता. पान्याला पुढच्या सीटवर बसवून तिने त्याचा हात मांडीवर घेतला. चेहरा बघायला तिला धीर नव्हता, हात बघायला होता. पंजा सुजून जांभळा झाला होता, मधलं बोट आणि अनामिका सपाट झाल्यासारखी. तिने अंगठा धरला.

"हलव."

"दुखतंय गं."

"दुखू दे. हलव."

अंगठा हलला. तिने अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाला नख लावलं. "कळतंय?"

"हो. हो!"

"वाकव."

ते थरथरत, पण वाकलं. मधल्याला नख लावलं. तो समोर काचेकडे बघत राहिला. तिने जरा जोरात लावलं. अनामिकेलाही लावून पाहिलं.

"लावलंस का?" त्याने विचारलं.

"नाही अजून," ताई म्हणाली, आणि तिच्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं इतकं सहज निघालं की तिलाच दचकायला झालं. तिने करंगळीला हात लावला. करंगळी जिवंत होती. "अंगठा आणि हे शेजारचं बोट, दोन्ही जोड बघू. चिमूट कर."

त्याने चिमूट केली. तिने तिच्यात टेम्पोची किल्ली दिली. किल्ली पडली. पुन्हा दिली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्याने दात आवळले, कपाळावरून घाम गळला, आणि किल्ली त्या दोन बोटांमध्ये थरथरत राहिली.

"धरलीस," ती म्हणाली.

"धरली." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाकातूनही. "भोक कुठे होतं?"

"प्रायमरचं. लांबीने बसवलेलं."

शेडच्या पत्र्यावर आतून काहीतरी आदळलं. पत्रा बराच वेळ थरथरत राहिला. पान्याने तिकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लांबीने?" तो म्हणाला. "भोक पाडलं ते पाडलं, आटे तरी पाडायचे ना माणसाने."

ताईने त्याच्या बोटांतून किल्ली घेतली, टेम्पो सुरू केला आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.